जकात नाक्यापासून भ्रमणध्वनीपर्यंत : नागपुरातील नागरी करभरण्याच्या मार्गांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नागरी स्वराज्य संस्थांच्या इतिहासात करांचे दर, उत्पन्नाचे आकडे आणि निवडणुका यांची चर्चा विपुल आढळते. नागरिक हा कर प्रत्यक्षात कोठे व कोणत्या रीतीने भरतो, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः भरण्याचा मार्ग बदलला की नागरिक आणि नगर प्रशासन यांच्यातील संबंधही बदलतो. प्रस्तुत लेखात नागपूर शहराच्या संदर्भात या बदलाचा आढावा घेतला असून, ऑनलाइन भरण्याने कर देणे सुलभ केले असले तरी कराविषयी विचारणा करण्याची वाट त्या प्रमाणात सुलभ झालेली नाही, असे प्रतिपादन केले आहे.

पूर्वपीठिका

मराठी मुलखात गावाची विभागणी 'काळी' आणि 'पांढरी' अशी होत असे. काळी म्हणजे कसण्याची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्या व्यापारी व कारागीर वर्गावर 'पांढरी' याच नावाचा कर होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरही इंग्रजांनी तो चालू ठेवला आणि १८६७ च्या कायद्याने त्याचे नियमन केले. वस्तीत राहणाऱ्याने वस्तीसाठी काही द्यावे, ही कल्पना या प्रदेशाला अशा रीतीने नगरपालिकेच्या आधीपासून परिचित होती.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर राजधानी झाले आणि १८६४ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. रस्ते, सफाई आणि अंबाझरी तलावावरील पाणीपुरवठा यांसाठी पैशाची गरज होती. तिचा मोठा भार जकातीने उचलला.

जकातीचा कालखंड

जकातीचे वैशिष्ट्य असे की, ती शहराच्या वेशीवर वसूल होई. व्यापारी नाक्यावर रोख रक्कम भरी, माल शहरात येई आणि ती रक्कम वस्तूच्या किमतीत मिसळून जाई. सामान्य ग्राहक रोज कर देत होता, पण आपण कर देत आहोत याची जाणीव त्याला होत नसे. नाक्यावरील खोळंबा, मालाच्या मूल्याविषयीचे वाद आणि परताव्याच्या तक्रारी हे सारे व्यापारी वर्गापुरते मर्यादित राहिले.

२ मार्च १९५१ रोजी नागपूर महानगरपालिका अस्तित्वात आली, तरी जकातीचे महत्त्व टिकून राहिले. १ एप्रिल २०१३ पासून तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असणारे व्यापारी त्यातून मुक्त झाले आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तोही संपला. त्याच्या बदल्यात राज्य शासनाकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले. मात्र महापालिकेने स्वतः आकारून स्वतः वसूल करावयाच्या उत्पन्नात मालमत्ता कर आणि पाणीपट्टी यांचेच स्थान प्रमुख राहिले. परिणामी नागरिकाच्या नावे निघणारे देयक नगर वित्ताच्या केंद्रस्थानी आले.

भरणा खिडकी आणि तिचे दुहेरी कार्य

मालमत्ता कराची प्रक्रिया जकातीहून भिन्न आहे. प्रथम मालमत्तेचे करयोग्य मूल्य ठरते, त्यावर आक्षेप मागविले जातात, सुनावणी होते व नंतर देयक निघते. लक्ष्मीनगर, धरमपेठ, गांधीबाग, सतरंजीपुरा, आसीनगर इत्यादी दहा झोनमध्ये महापालिकेचा कारभार विभागलेला आहे. कर भरावयास झोन कार्यालयात आलेला नागरिक तेथेच वाढीव आकारणीचे कारण, नावातील चूक किंवा जुन्या थकबाकीचा हिशेब विचारू शकत असे. रांगेचा त्रास, दिवसाची बुडणारी मजुरी आणि सुट्या पैशांची अडचण या बाबी नाकारता येत नाहीत. तथापि भरणा आणि गाऱ्हाणे यांची जागा एकच होती, ही बाब महत्त्वाची आहे.

इलेक्ट्रॉनिक माध्यमांचे आगमन

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास वैधता दिली. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'नेफ्ट' ही निधी हस्तांतरण व्यवस्था सुरू केली. डिसेंबर २००५ मध्ये आरंभ झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नागपूरचा समावेश होता आणि ई-प्रशासन व मालमत्ता कर सुधारणा या त्यातील अनिवार्य अटी होत्या. महाराष्ट्रात कल्याण-डोंबिवली महापालिकेने संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रांचा प्रयोग त्यापूर्वीच केला होता. नागपुरात मार्च २०१२ पासून पाणीपुरवठ्याचे संचालन 'ऑरेंज सिटी वॉटर' या खाजगी कंपनीकडे आल्याने पाण्याच्या देयकाची यंत्रणा मालमत्ता करापासून वेगळी झाली.

२०१६ मध्ये 'यूपीआय' सुरू झाले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. स्थानिक संस्थांचे कर काही काळ जुन्या नोटांनी भरण्याची मुभा मिळाल्याने देशभरातील महापालिकांच्या खिडक्यांवर रोख रकमेचा ओघ लागला. रोखविरहित व्यवहाराचा पुरस्कार करणाऱ्या निर्णयाचा पहिला परिणाम रोख भरण्याची रांग लांबण्यात व्हावा, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. जुन्या नोटांच्या संधीने थकबाकीदारही खिडकीपर्यंत आले, यावरून थकबाकीचे कारण दरवेळी भरण्याच्या सोयीचा अभाव हेच असते असे म्हणता येत नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये 'भारत बिल पेमेंट' प्रणालीची कक्षा वाढवून नियमित येणाऱ्या सर्व प्रकारच्या देयकांना ती खुली करण्यात आली. त्यामुळे महापालिकेचा कर बँकेच्या संकेतस्थळावरून वा भ्रमणध्वनीवरील ॲपमधून भरण्याचा मार्ग प्रशस्त झाला.

भरणा व विचारणा यांची फारकत

या टप्प्यावर एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. ॲपला देयकाचा क्रमांक आणि रक्कम कळते. ती रक्कम कशी ठरली, हे कळत नाही. बँक पैसे पोहोचविण्याची जबाबदारी घेते, आकारणीची घेत नाही. खात्यातून रक्कम वजा झाली, परंतु महापालिकेच्या मागणी नोंदवहीत ती जमा दिसली नाही, तर नागरिकास बँक, मध्यस्थ संस्था आणि झोन कार्यालय अशा तीन ठिकाणी दाद मागावी लागते. अशा वेळी व्यवहार क्रमांक हाच त्याचा पुरावा असतो.

कायद्याची चौकटही येथे विचारात घेतली पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ नुसार कराविरुद्ध न्यायाधीशांकडे अपील करावयाचे असल्यास वादग्रस्त रक्कम आधी जमा करावी लागते. 'आधी भरा, मग भांडा' हे तत्त्व जुनेच आहे. नव्या माध्यमांनी त्यातील पूर्वार्ध काही क्षणांवर आणला. उत्तरार्धासाठी मात्र आजही अर्ज, कागदपत्रे आणि सुनावणी यांच्या फेऱ्या कराव्या लागतात. वृद्ध, स्मार्टफोन नसलेले आणि वारसाहक्काची नोंद प्रलंबित असलेले मालमत्ताधारक यांना ही तफावत अधिक जाणवते.

समारोप

जकातीच्या काळात नागपूरचा सामान्य नागरिक न कळत कर देत होता; खिडकीच्या काळात तो जाणीवपूर्वक व प्रसंगी वाद घालून देत होता. ऑनलाइन भरण्याने वेळ वाचविला, पावतीची नोंद कायम केली आणि रोख हाताळणीतील गैरप्रकारांना आळा घालण्याची सोय केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु करदाता आणि कर आकारणारा यांची समोरासमोर भेट संपुष्टात येत असताना तिची जागा घेणारी व्यवस्था उभी राहणे आवश्यक आहे. ज्या पडद्यावर भरावयाची रक्कम दिसते, त्याच पडद्यावर करयोग्य मूल्याचा हिशेब आणि आक्षेप नोंदविण्याची सोय उपलब्ध झाल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. करवसुलीची टक्केवारी मोजताना आक्षेपांच्या निपटाऱ्यास किती दिवस लागले, याचीही नोंद महापालिकांनी ठेवावी व ती अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावी.