नाच कुठे साठवायचा? : जुहूच्या नालंदापासून आरेच्या पाड्यांपर्यंत

आजचा विषय आहे पारंपरिक नृत्यांचं डिजिटल जतन. ऐकायला तो संगणकाचा वाटतो, पण मी तो इतिहासाच्या अंगानं मांडणार आहे. कारण नाच साठवून ठेवायची धडपड संगणकापेक्षा फार जुनी आहे.

गाण्याचे शब्द वहीत उतरवता येतात. नाच मात्र माणसाच्या अंगात राहतो आणि शिकवायच्या आधी माणूस गेला, तर त्याच्याबरोबर जातो. नाट्यशास्त्रात 108 करणांची वर्णनं आहेत. चिदंबरमच्या गोपुरांत त्यांची शिल्पं आहेत. तरी शिल्पात एकच क्षण सापडतो. त्याआधी पाय कुठे होता, पुढे कुठे गेला, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. युरोपात रुडॉल्फ लाबान यांनी 1928 मध्ये हालचाली लिहून काढायची लिपी प्रसिद्ध केली. मग फिल्म आली, आणि वाटलं, आता प्रश्न मिटला.

तो मिटला का, हे पाहायला लांब जायला नको. अंधेरीच्या शेजारी, जुहूला नालंदा नृत्य कला महाविद्यालय आहे. ते उभं करणाऱ्या डॉ. कनक रेळे 1970-71 च्या सुमारास केरळात गेल्या. संगीत नाटक अकादमी आणि फोर्ड फाउंडेशनची मदत होती. कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा आणि कल्याणीकुट्टी अम्मा या जुन्या पिढीच्या कलावतींचं मोहिनीअट्टम त्यांनी फिल्मवर घेतलं. एकेकाळी जवळजवळ लोप पावलेला हा नाच जाणणारी माणसं तेव्हा मोजकीच उरली होती.

माझ्या मते खरं काम त्याच्या पुढचं आहे. फिल्म डब्यात बंद करून त्या थांबल्या नाहीत. शरीराची हालचाल कशी होते, याची फोड करून त्यांनी ती लिहून ठेवायची पद्धत बसवली, त्यावर संशोधन केलं आणि ते वर्गात शिकवलं. ज्ञान अंगातून फिल्मवर आलं, फिल्मवरून कागदावर, आणि पुन्हा मुलींच्या अंगात गेलं. हा फेरा पूर्ण झाला तरच जतन झालं असं म्हणायचं.

आता जुहूहून आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात या. तिथे वारली पाडे आहेत, तारपा नाच आहे. तारपा म्हणजे वाळलेला भोपळा आणि बांबू यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात आणि तारपेवाल्याभोवती फिरतात. त्यानं सूर बदलला की पावलं बदलतात. म्हणजे सूचना सगळी सुरात असते. आता मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ आठवा. कॅमेरा नाचणाऱ्या बायकांवर, तारपेवाला चौकटीबाहेर, वरून कोणीतरी दुसरंच संगीत लावलेलं, आणि खाली नाव ‘आदिवासी डान्स’. चित्र स्वच्छ आहे, पण त्यावरून नाच शिकता येणार नाही.

पूर्वी चित्रण मिळत नव्हतं. आता ते ढिगानं आहे, पण लावून ठेवलेलं नाही. पाडा कुठला, तारपा कोणी वाजवला, नाच कापणीनंतर अंगणात झाला की 26 जानेवारीला स्टेजवर, त्या चालीला पाड्यावरची माणसं काय म्हणतात, हे लिहिलेलंच नसतं. कोकणातून गिरणगावात आणि पुढे उपनगरांत आलेल्या जाखडीचं तेच, वेसाव्याच्या कोळीनाचाचंही तेच. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘कोळी डान्स’ बसवताना बाई मोबाईलवर जे पहिलं दिसेल ते घेतात. चुकीच्या नावाचा व्हिडिओ असा पुढच्या पिढीचा गुरू होऊन बसतो. कोळीवाड्यातली पोरगीसुद्धा आपला नाच त्याच्यावरूनच शिकणार असेल, तर नुकसान केवढं, बघा.

‘डिजिटल म्हणजे कायमचं’ हाही गैरसमज. मुंबईच्या दमट हवेत व्हिडिओ कॅसेटना बुरशी लागते, आणि कॅसेट धड राहिली तरी ती लावायला मशीन मिळत नाही. हार्ड डिस्कही बंद पडते. म्हणून निदान तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, असा साधा नियम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत यात धरू नका. तिथे व्हिडिओ सहसा दाबून लहान केला जातो.

शेवटचा मुद्दा हक्काचा. युनेस्कोच्या 2003 च्या करारात अमूर्त वारशाच्या जतनात त्या समाजाचा सहभाग हवा, असं म्हटलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पाड्यावर चित्रण करायचं तर आधी विचारायचं, ते कुठे जाणार हे सांगायचं, आणि एक प्रत पाड्यावर ठेवायची. नावं आणि खुणा त्यांच्याच बसून लिहून घ्यायच्या, कारण ही माहिती आपल्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.

तुमच्या घरात गणपतीतल्या जाखडीची, हळदीतल्या कोळीनाचाची जुनी कॅसेट असेल, तर ती डिजिटल करून घ्याच. पण त्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवून विचारा : हे कोण, कुठलं, कुठल्या वर्षीचं, या पावलाला काय म्हणतात? कॅसेट पुढच्या महिन्यातही डिजिटल होईल. सांगणारी माणसं तोवर थांबतीलच असं नाही.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.