2023 चा महाराष्ट्र केसरी नेमका कोण?

आमच्या अर्धापुरात चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकून बघा. दोन नावं ऐकू येतील आणि दोन्ही बरोबर! कुस्तीगीर संघटनेत फूट पडलेली, म्हणून त्या नोव्हेंबरात फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी स्पर्धा झाल्या. फुलगावात सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवलं. काही दिवसांतच राक्षे धाराशिवात उतरला, 2020 चा विजेता हर्षवर्धन सदगीर याला हरवून गदा घेऊन गेला. आपल्याच स्पर्धेला मान मिळवायचा तर जुने गदाधारी आखाड्यात लागतातच. पैलवानाला मात्र फूट नको, कुस्ती हवी (हे माझं मत). तेव्हा टिपणात नुसतं साल लिहू नका, गावही लिहा. जानेवारीत पुण्यातही एक झाली होती. तीही राक्षेनंच मारली.