रुक्मिणीचा बेत आणि रुक्मीची मिशी

लग्न उद्यावर आलेलं, नवरदेव फौजेसकट गावात उतरलेला, आणि नवरीने मात्र भलत्याच मुलाला गुपचूप पत्र धाडलेलं. कोवळं प्रेम, पलायन आणि पाठलाग यांची वऱ्हाडातली ही सर्वांत जुनी कथा. तिचं ठिकाण कौंडण्यपूर, अमरावतीपासून चाळीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी. विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं परंपरा मानते. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी इथलं टेकाड खणलं, तेव्हा सातवाहनकाळाचे आणि त्याआधीच्या लोहयुगीन महापाषाण संस्कृतीचे थर निघाले. वस्ती फार जुनी हे सिद्ध झालं. रथाच्या चाकोऱ्या अर्थातच मिळाल्या नाहीत.

भागवताच्या दहाव्या स्कंधात ही गोष्ट येते. रुक्मिणीला कृष्णाशी लग्न करायचं होतं आणि बापाची, भीष्मकाची, ना नव्हती. आड आला तो थोरला भाऊ रुक्मी. त्याने बहिणीचं लग्न चेदीच्या शिशुपालाशी ठरवलं. रुक्मिणीने मग एका ब्राह्मणाहाती द्वारकेला कृष्णाकडे निरोप पाठवला, आणि त्यात नुसता जीव ओतला नाही, तर पळून जायचा पुरता आराखडा दिला. अंतःपुरात शिरलात तर माझे आप्त मारले जातील; पण लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून मला न्या. मराठी मनाने कृष्णाच्या शौर्याचं कौतुक पुष्कळ केलं, या मुलीच्या डोक्याचं तेवढं केलं नाही.

देऊळ नेमकं कुठलं, यावर जिल्ह्यात दोन दावे आहेत. कौंडण्यपूरकर आपल्या गावातल्या अंबिकेकडे बोट दाखवतात, अमरावतीकर अंबादेवीकडे. भागवतातली रुक्मिणी दर्शनाला पायी निघते. लग्नघरातली मुलगी एका दिवसात चाळीस किलोमीटर चालेल कशी? लोककथेने तोड काढली: दोन्ही ठिकाणांना जोडणारा भुयारी मार्ग होता! तसा कृष्णाचा वेगही काही कमी नाही. त्याचे घोडे एका रात्रीत आनर्तातून, म्हणजे आजच्या गुजरातेतून, विदर्भ गाठतात.

दर्शन घेऊन परतणाऱ्या रुक्मिणीला भर गर्दीत राजांच्या डोळ्यांदेखत रथावर घेतलं जातं. शिशुपालाच्या बाजूच्या जरासंध आणि मंडळींना कृष्णाचा भाऊ बलराम याची फौज अडवते. रुक्मी मात्र बहिणीला आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा करून एक अक्षौहिणी सैन्यासह मागे लागतो. त्याचं धनुष्य तुटतं, दुसरं तुटतं, तिसरंही तुटतं. कृष्ण त्याला मारणार तोच रुक्मिणी पाय धरते. जीव वाचतो, पण कृष्ण त्याला शेल्याने बांधून त्याचे केस आणि मिशा वेड्यावाकड्या भादरतो. इतका वेळ श्वास रोखून ऐकणाऱ्याला हसू फुटतं, आणि तेवढ्यात बलराम येऊन आत्मा आणि देह यांवर लांबलचक प्रवचन देतो. कथेचा तोल इथे साफ जातो. आजचा संकलक हा भाग ठेवता ना.

प्रतिज्ञा पुरी न झाल्यामुळे रुक्मी घरी फिरकलाच नाही. त्याने भोजकट वसवलं. अमरावतीजवळचं भातकुली ते हेच, असं सांगतात. नाव तरी कल्पित नाही: अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातल्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे. वैर मात्र निवलं नाही. रुक्मीच्या मुलीला कृष्णाच्याच मुलाने, प्रद्युम्नाने, स्वयंवरातून पळवलं. नातीचं लग्न त्याच घरात लागलं, आणि त्या लग्नात द्यूतावरून भांडण होऊन बलरामाने रुक्मीला ठार केलं.

मराठीने ही कथा उचलली ती वऱ्हाडाच्याच मातीत. रिद्धपूरला १२८७च्या सुमारास महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंना लग्नसोहळ्याची लहर आली, तेव्हा महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून म्हटले. १२९२च्या सुमाराला नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलं. काव्य आपल्या नावे करावं म्हणून रामदेवराय यादवाने ओवीगणिक सोन्याचं नाणं देऊ केलं आणि कवीने ते नाकारलं, अशी महानुभावांची आठवण आहे. १५७१ मध्ये काशीत एकनाथांनी आपलं अठरा प्रसंगांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरं केलं. पाठलाग त्यातही आहे, पण पुढे सासरा स्वतः येऊन कन्यादान करतो आणि मराठी लग्नाचे सगळे विधी साग्रसंगीत होतात. पळून गेलेली लेक कवींनी अशी मांडवात परत आणली.

इतर प्रांतांनीही आपापला वाटा उचलला. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला रामनवमीपासून या लग्नाची जत्रा भरते. अरुणाचलात भीष्मकनगर आहे, आणि तिथल्या इदू मिश्मींची केस कापण्याची ठेवण रुक्मीच्या त्या हजामतीशी जोडली जाते. इकडे कौंडण्यपूरहून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. सदाराम महाराजांनी ती १५९४ मध्ये सुरू केली, अशी परंपरा आहे. महाराष्ट्रभर उपवर मुलींना चांगलं स्थळ मिळावं म्हणून एकनाथांच्या याच पोथीचं पारायण करायला बसवतात, आणि बसवतात ती घरातली वडीलधारी माणसंच.