परतीची वाट : गागारिनचे उड्डाण आणि दडवलेले अवतरण

१/ १२ एप्रिल १९६१. मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ७ मिनिटे झाली असताना बायकोनूरच्या तळावरून सत्तावीस वर्षांचा युरी गागारिन अवकाशात झेपावला. हे उड्डाण आपण शाळेत पाठ केले. तो पृथ्वीवर उतरला कसा, हे मात्र सोव्हिएत राजवटीने कित्येक वर्षे उघड होऊ दिले नाही. आजचा धागा त्या अवतरणाविषयी.

२/ आधी जाणे समजून घेऊ. कक्षेत राहण्यासाठी केवळ उंची पुरत नाही, ताशी सुमारे २८,००० किलोमीटरचा आडवा वेग लागतो. त्या वेगाने यान सतत पडतच असते, पण पृथ्वीचा गोलाकार पृष्ठभागही तितकाच खाली वळत जातो. हा वेग देणारे रॉकेट मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी घडवलेले आर-७ क्षेपणास्त्र होते.

३/ परतायचे म्हणजे हाच वेग गमवायचा. उलट दिशेने इंजिन पेटवून तो किंचित घटवला, की कक्षा वातावरणात बुडते आणि उरलेला वेग हवा खाऊन टाकते. त्या वेगाची मग प्रचंड उष्णता होते. १९५७ मध्ये लायका कुत्री कक्षेत गेली, तेव्हा तिला परत आणण्याची कोणतीही सोयच नव्हती.

४/ ती सोय सहज साधली नाही. मे १९६० मध्ये एका निर्मनुष्य चाचणी-यानाचे तोंड चुकीच्या दिशेला राहिले. इंजिन पेटताच ते खाली येण्याऐवजी अधिक उंच कक्षेत गेले. ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्त्रेल्का या कुत्र्या सुखरूप परतल्या. डिसेंबरमध्ये प्चोल्का आणि मुश्का यांचे यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. गागारिनचे उड्डाण त्यानंतर जेमतेम साडेचार महिन्यांनी झाले.

५/ उष्णतेवरचा उपाय आकारात होता. टोकदार यान हवा सहज कापेल असे वाटते, परंतु बोथट यानापुढे दाबलेल्या हवेची आघातलहर तयार होते आणि बरीचशी उष्णता यानाला न भिडता बाजूने निघून जाते. अमेरिकेत हार्वे ॲलन याने १९५०च्या दशकाच्या आरंभी हे दाखवून दिले होते. व्होस्टोकचे परतणारे दालन तर पूर्ण गोलच होते, व्यास सुमारे २.३ मीटर. त्याचे वजन एका बाजूला अधिक ठेवलेले असल्याने, बुडाला वजन असलेल्या बाहुलीसारखे ते आपोआप योग्य बाजूवर येई.

६/ सुमारे १० वाजून २५ मिनिटांनी, आफ्रिकेच्या आकाशात, परतीचे इंजिन चाळीसेक सेकंद पेटले. त्यानंतर इंजिनाचा भाग गोलापासून सुटायला हवा होता. तो तारांच्या जुडग्याने अडकून राहिला आणि यान गरगरू लागले. सुमारे दहा मिनिटांनी दोन्ही भाग विलग झाले. गागारिनने याविषयी दिलेला अहवाल कित्येक दशके गोपनीय होता.

७/ गोलालाही छत्री होती, पण त्याचा जमिनीवरचा आघात माणसासाठी फार कठोर ठरला असता. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर झडप उडाली, गागारिन आसनासह बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या छत्रीने व्होल्गाकाठच्या सारातोव्ह प्रांतात, एंगेल्स शहराजवळ उतरला. शेतात आना तख्तारोव्हा आणि तिची नात होत्या. नारिंगी पोशाखातला हा पाहुणा पाहून दोघी घाबरल्या.

८/ यात लपवण्यासारखे काय होते? आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या विक्रमविषयक नियमानुसार चालकाने यानासोबतच उतरणे आवश्यक होते. म्हणून विक्रमाच्या कागदपत्रांत तो यानातच उतरल्याचे दाखवले गेले. पत्रकार परिषदेत नेमका हाच प्रश्न आला आणि गागारिनला संदिग्ध उत्तर देऊन वेळ मारून न्यावी लागली.

९/ ऑगस्ट १९६१ मध्ये गेरमान तितोव्हही छत्रीने उतरला. त्याची पद्धत उघड झाली आणि नियमाचा पुनर्विचार झाला. गागारिनचा विक्रम कायम राहिला. ‘बायकोनूर’ हे नावही फसवे होते : तळ त्युरातामजवळ होता, त्या नावाचे मूळ गाव तेथून शेकडो किलोमीटर दूर. प्रमुख अभियंता सर्गेई कोरोल्योव्ह याचे नाव तर जानेवारी १९६६ मधील त्याच्या मृत्यूनंतरच जगाला कळले.

१०/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला येथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शिक्का, सही, दिनांक, सारे काही असलेला अधिकृत कागदही खोटा असू शकतो. तो फेकून देऊ नये. तो कोणत्या नियमाची पूर्तता करण्यासाठी लिहिला गेला, हे विचारावे. गागारिनच्या कागदाने अवतरणाविषयी खोटे सांगितले, पण शीतयुद्धात विक्रमाच्या नोंदीला किती मोल होते, हे अगदी खरे सांगितले.

११/ या लपवाछपवीत हरवली ती गागारिनची खरी कसोटी. गरगरणाऱ्या गोलाच्या झरोक्याबाहेर ज्वाळा दिसत असताना घालवलेली ती मिनिटे जगाला ठाऊकच नव्हती. पुढे २४ एप्रिल १९६७ रोजी व्लादिमिर कोमारोव्ह सोयूझ-१ मधून कक्षेतून परतला, परंतु अखेरच्या टप्प्यात छत्री नीट उघडली नाही आणि तो मृत्युमुखी पडला. त्या उड्डाणासाठी त्याचा पर्यायी अंतराळवीर होता युरी गागारिन.

धागा समाप्त. शंका असल्यास जरूर विचारा.