प्राचीन काळातील वेष्टने आणि प्रसादाची पुडी

मंदिरातून घरी नेल्या जाणाऱ्या प्रसादाच्या पुडीचे काम तासा-दोन तासांत संपते. ती कशाची असावी, हे ठरविताना प्राचीन लोक आपल्या वस्तू कशात बांधीत, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

गुजरातेतील लोथल येथे १९५५ ते १९६० या काळात डॉ. शि. रं. राव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील वखारीत हडप्पाकालीन मातीची मुद्रांकने सापडली. त्यांच्या एका बाजूस मुद्रेचा, तर दुसऱ्या बाजूस कापड, चटई व दोरी यांचा ठसा आहे. म्हणजेच सुमारे चार हजार वर्षांपूर्वी माल कापडात वा चटईत गुंडाळीत, दोरीने बांधीत आणि गाठीवर ओली माती थापून मोहोर उमटवीत. वेष्टन मातीत मिसळून गेले, ठसा तेवढा उरला.

रोमन व्यापारी मद्य व तेल दोन कानांच्या मातीच्या कुंभांतून पाठवीत. अशा कुंभांचे तुकडे महाराष्ट्रात नेवासे व तेर येथे मिळाले आहेत. मात्र तेल मुरलेले कुंभ पुन्हा वापरणे कठीण असे. रोम शहरातील मोन्ते तेस्ताच्चो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी अशाच फुटक्या कुंभांची बनली आहे. नैसर्गिक पदार्थाचे भांडेही एकदाच वापरून टाकले, तर कचऱ्याचा डोंगर होतो, हा त्यातील बोध.

आपल्याकडे वस्तू जितका वेळ टिकायला हवी, तितकेच टिकणारे वेष्टन निवडले गेले. जेवणासाठी केळीचे पान, पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ व द्रोण. फुलांची पुडी बांधण्यास केळीचे सोपट. सुपारीच्या झावळीचा गळून पडलेला रुंद देठ भिजवून, तापलेल्या साच्यात दाबून आज ताटल्याही तयार होतात.

कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. चकचकीत कागदी द्रोणांनाही आतून बहुधा प्लास्टिकचा थर असतो, हे ध्यानी असावे.

तरी उणकल व परिसरातील भाविकांनी प्रसादासाठी घरून डबा आणावा, अन्यथा पानाच्या द्रोणातूनच प्रसाद स्वीकारावा, आणि रिकामा द्रोण प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता ओल्या कचऱ्यात टाकावा, ही नम्र विनंती.

– चिटणीस