दलाल, दाखला आणि जुनी मोटार : एका बदनामीचा इतिहास

१/
वज्रेश्वरी म्हटले की इतिहासप्रेमींना १७३९ ची वसई मोहीम, चिमाजी अप्पांचा नवस आणि त्यातून उभे राहिलेले गडासारखे मंदिर आठवते. भिवंडी तालुक्याच्या याच परिसरात रस्त्याकडेला आणखी एक इतिहास उभा असतो. पत्र्याची शेड, एक टेबल, पाचदहा जुन्या मोटारी आणि काचेवर ‘विकणे आहे’ची पाटी.

२/
अशा छोट्या दुकानातून गाडी घ्यायची ठरली की घरातील वडीलधारे बजावतात, ‘ओळखीचा मिस्त्री बरोबर ने.’ किराणा दुकानदाराबद्दल असे कोणी बजावत नाही. मग जुन्या गाड्यांचा धंदाच एवढा बदनाम का? या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या जन्माहून पुष्कळ जुने आहे.

३/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्रीचे नियम आहेत. रोगी जनावर निरोगी म्हणून विकल्यास बारा पण दंड. चतुष्पादांचा सौदा फिरवण्यास तीन पक्षांची, म्हणजे सुमारे ४५ दिवसांची मुदत. हा नियम करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक होती : जनावराचा दोष विकणाऱ्याला आज कळतो, घेणाऱ्याला महिन्याने.

४/
देवगिरीवर १२९६ मध्ये चालून आलेल्या अलाउद्दीन खल्जीने पुढे सुलतान झाल्यावर दिल्लीच्या घोडेबाजाराला हात घातला. झियाउद्दीन बरनीच्या वृत्तांतानुसार उत्तम घोड्याची किंमत १०० ते १२० टंके, मध्यम ८० ते ९०, कनिष्ठ ६५ ते ७० अशी ठरली. घोड्यांचे मुजोर दलाल पकडून दूरच्या किल्ल्यांत धाडले गेले.

५/
याच सुलतानाने लष्करी घोड्यांना डाग देण्याची पद्धत अमलात आणली. हेतू असा की तपासणीला चांगला घोडा दाखवून मोहिमेवर भलतेच तट्टू आणता येऊ नये. मोटारीच्या चेसिसवर कोरलेला क्रमांक हा याच डागाचा वंशज. वस्तू तीच आहे आणि मालक तोच आहे, याची खूण राज्यसत्तेला वस्तूच्या अंगावरच हवी असते.

६/
ठाणे जिल्ह्यातच, मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. गुरांच्या व्यापाऱ्याला मराठीत ‘हेडी’ म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक बैलबाजारांत हातांवर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरत. भोवतालच्या गर्दीला सौदा दिसे, आकडा दिसत नसे.

७/
तरीही बैलाच्या बाबतीत शेतकरी अगदीच आंधळा नव्हता. जबडा उघडून दात पाहिले की आदत, दुसा, चौसा, सहादाती की जुळलेला हे कळे. चार पावले चालवले की खोड दिसे. मोटारीला दात नसतात. तिचे वय किलोमीटरच्या मीटरवर असते आणि तो मीटर मागे फिरवता येतो. पुट्टी आणि रंगाखाली अपघातही दडतो.

८/
अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये हेच कोडे मांडले. समजा, एक जुनी मोटार तीन लाखांच्या योग्यतेची आहे, दुसरी एक लाखाच्या. बाहेरून दोन्ही सारख्या. घेणारा सावधपणे दोन लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे राहते ती डबडा गाडी.

९/
म्हणजे सगळे विक्रेते लबाड असण्याची गरजच नाही. माहिती एकाच बाजूला असली की प्रामाणिक विक्रेताही संशयाच्या भावाने विकतो. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. २००१ मध्ये अकरलॉफ अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

१०/
भारतात मात्र ही बदनामी वेगळ्या वाटेने आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट बाहेर पडे. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ॲम्बेसेडर आणि स्टँडर्ड धरून ग्राहकापुढे जेमतेम तीन पर्याय. परवाना राज्यात उत्पादन बांधलेले, आयात जवळजवळ बंद.

११/
परिणामी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९६९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमतीही नियंत्रित केल्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण कागदावरचा भाव बांधला म्हणून टंचाई संपत नाही. थोडी वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाऊ लागली.

१२/
वरच्या या रकमेला मुंबईने नाव दिले : ‘ऑन’. ती पावतीवर येत नसे. या काळात दलाल जुनी मोटार विकत नव्हता, तो रांगेतील वर्षे विकत होता. खरा भाव एक, लिहिलेला भाव दुसरा, ही सवय येथे मुरली आणि डॉक्टरपासून कारखानदारापर्यंतची प्रतिष्ठित गिऱ्हाइके त्यात सामील होती. बदनामी मात्र एकट्या दलालाच्या वाट्याला आली.

१३/
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९३ मध्ये मोटारनिर्मिती परवानामुक्त झाली. रांगा सरल्या, ‘ऑन’ गेला. तरी संशय उरला, कारण एक पोकळी कायद्यातच होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५० गाडी विकणारा आणि घेणारा यांना ओळखत होते. दोघांच्या मधल्या दुकानदाराला त्यात जागा नव्हती.

१४/
दुकानदाराने गाडी स्वतःच्या नावावर केली तर खर्च आणि वेळ जाई. शिवाय पुस्तकात एक मालक वाढून भाव उतरे. म्हणून विकणाऱ्याकडून नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेण्याची रूढी पडली. बोलीभाषेत हेच ‘टीटी फॉर्म’. गाडी तीन हात फिरे आणि सरकारदप्तरी नाव पहिल्याचेच राही.

१५/
याची किंमत काय? २००७ मध्ये विकलेली एक मोटार आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. नोंदवहीत नाव मूळ मालकाचेच होते. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नोंदणीकृत मालकच भरपाईस जबाबदार. मृताच्या कुटुंबाने मालकांची साखळी शोधत फिरायचे नाही.

१६/
ज्याने दोन वर्षांपूर्वी किल्ली दिली, त्याच्या दारी नोटीस. निकाल कठोर वाटतो, पण पर्याय अधिक क्रूर होता. नाहीतर कोऱ्या सह्यांच्या आड प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवत राहिला असता आणि भरपाईची वाट पाहणारे घर रिकाम्या हाती राहिले असते.

१७/
अखेर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली; ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून अधिकृतता घ्यायची, ताब्यात आलेल्या गाडीची ऑनलाइन सूचना द्यायची आणि गाडी विकली जाईपर्यंत मालकाची जबाबदारी वाहायची. मधला माणूस प्रथमच कायद्याच्या कागदावर आला.

१८/
दरम्यान २००१ पासून मारुतीच्या ‘ट्रू व्हॅल्यू’सारखी संघटित दालने आली. त्यांचा माल मोटार कमी आणि तपासणीची हमी अधिक. छोट्या दुकानदाराकडे अशी छापील हमी नसते. त्याची हमी म्हणजे पंचक्रोशी. वज्रेश्वरी-अंबाडीसारख्या टापूत एकाला फसवले की ती बातमी आठवडाबाजाराच्या आधी सगळीकडे पोहोचते.

१९/
हमरस्त्यावरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला मात्र पंचक्रोशीचे हे संरक्षण मिळत नाही. म्हणूनच ज्या घरात पहिले वाहन येते ते बहुधा जुनाच टेम्पो किंवा पिकअप, त्याच घराला कागदाची गरज सर्वांत जास्त असते. एका चुकीच्या गाडीत त्याची काही वर्षांची बचत जाते.

२०/
जबडा पाहणारा शेतकरी आणि बॉनेट उघडणारा मिस्त्री एकाच परंपरेतले. पण दोघांनाही जे दिसत नाही, ते नोंदवहीत असते. म्हणून गाडी विकणाऱ्याने पैसे मोजून झाल्यावर एवढे पाहावे की सरकारदप्तरातून आपले नाव उतरले का. तोवर किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते आणि जबाबदारी आपल्या. (समाप्त)