प्लॅस्टिकचीं विमानें



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी हेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु मनुष्याच्या हातून घडलेली प्रत्येक वस्तु आपल्या काळाची साक्ष देत असते, मग ती मुलांच्या खेळण्यांतली कां असेना. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून तयार होणारें लहानसें विमान ही अशीच एक वस्तु. तिची हकीकत सांगतां सांगतां एक प्रश्नहि आज मी आपणांपुढें ठेवणार आहें : असा जुना संच हातीं आला, तर त्यांतील चुका सुधाराव्या, कीं तशाच राहूं द्याव्या?

या विमानांचें जें विशेष रूढ माप, १ इंचास ६ फूट, म्हणजे मुळाच्या बहात्तराव्या हिश्शाचें, तें इंग्लंडांत प्लॅस्टिकच्या आधींचें आहे. जेम्स हे स्टीव्हन्स या गृहस्थांनीं १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ‘स्कायबर्ड्‌स’ नांवाचे लाकडी संच याच मापानें आंखले. सहा फुटी वैमानिक त्यांत नेमका १ इंच भरतो. इंचाच्या पट्टीनें मोजणाऱ्या मुलास याहून सोपा हिशेब कोणता? १९३६ सालीं ‘फ्रॉग’ या छापाचीं विमानें करणाऱ्या मंडळींनीं याच मापाचे प्लॅस्टिकचे संच बाजारांत आणले. फ्रॉगचीं आधींचीं विमानें खरोखर उडत. हीं नवीं उडत नव्हतीं, म्हणून त्यांस न उडणाऱ्या पेंग्विन पक्ष्याचें नांव मिळालें! त्यांचें प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचें होतें. त्यांत लवचिकपणासाठीं मिसळलेलें द्रव्य वर्षानुवर्षें उडून जातें, पदार्थ आकसतो आणि पंख वांकतात. त्या काळचा संच सरळ पंखांनिशीं मिळणें म्हणूनच दुर्मिळ.

पुढें महायुद्ध आलें आणि खेळण्यास कामगिरी मिळाली. १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील मुलांकडे ५,००,००० लाकडी प्रतिकृतींची मागणी केली : ५० जातींचीं विमानें, प्रत्येकीच्या १०,००० प्रतिकृति. आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें, हें शिपायास दृष्टिक्षेपांत ओळखतां यावें, हा हेतु. माप तेंच, बहात्तराव्या हिश्शाचें. अशी प्रतिकृति ३५ फुटांवर धरली म्हणजे २,५२० फुटांवरील, अर्थात् जवळजवळ अर्ध्या मैलावरील, खऱ्या विमानाएवढी दिसते. येथें अचूकपणा ही केवळ हौस उरली नाहीं. पंखाची ठेवण चुकीची शिकविली, तर आपलीच तोफ आपल्याच वैमानिकावर सुटावयाची.

युद्धानंतर पॉलिस्टायरिन हें नवें प्लॅस्टिक पुढें आलें. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासितानें १९३९ सालीं इंग्लंडांत ‘एअरफिक्स’ कंपनी काढली होती. आरंभीं तेथें हवा भरावयाचीं रबरी खेळणीं होत, नंतर फण्या होऊं लागल्या. वितळलेलें प्लॅस्टिक दाबानें पोलादी सांच्यांत भरावयाचें, निवलें कीं वस्तु तयार. फणीचें यंत्र आणि विमानाचें यंत्र यांत तत्त्वतः भेद नाहीं. १९५२ मध्यें ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांतून २ शिलिंगांस विकला गेला, आणि पुढें स्पिटफायर विमानाचा संच निघाला. त्याच्या अंगावर ‘बीटीके’ हीं अक्षरें असत. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच. संचांत तो ६ इंचांहून किंचित् अधिक. पण ठेवण ओबडधोबड होती, म्हणून थोड्याच वर्षांत दुसरा, अधिक बरा स्पिटफायर त्याच्या जागीं आला.

आतां आपल्या प्रश्नाकडे वळूं. जुना संच सुधारण्याची रीत ठरलेली आहे. भाग साबणाच्या पाण्यानें धुवावे, म्हणजे सांच्याचा तेलकटपणा जातो. कडेचा फाजील पापुद्रा सुरीनें काढावा, फटींत पुट्टी भरावी, वाळल्यावर ती बारीक पॉलिशकागदानें घांसावी. खिळ्यांच्या डोक्यांचे उंचवटे या मापांत भलतेच मोठे दिसतात. ते खरडून टाकावे. वैमानिकाची रिकामी बैठक प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यानें सजवावी. भाग ज्या दांड्यांस जडलेले असतात, त्यांतील एक मेणबत्तीवर मऊ करून ओढली कीं केसासारखा तंतु निघतो. तीच विमानाची एरियल. पिंवळीं पडलेलीं चित्रें कांहीं दिवस खिडकींतल्या उन्हांत ठेवलीं म्हणजे बहुधा उजळतात.

हें सर्व कौशल्याचें खरें. परंतु एवढें केल्यावर मूळ कारागिराचा हात त्यांत कितीसा उरतो? मूर्तीवर शेंदराचीं पुटें चढत गेलीं म्हणजे भक्ति वाढते, पण मूळ शिल्प दिसेनासें होतें. बखरींतील सनावळी चुकली, तर जाणता संपादक मूळ पोथींत खाडाखोड करीत नाहीं. मजकूर जसाच्या तसा छापतो आणि दुरुस्ती तळटीपेंत देतो. उलट पक्षींहि बळ आहे. संच जोडण्यासाठींच केलेला. न जोडतां पेटींत ठेवणें म्हणजे बियाणें कणगींत ठेवून पेरणी टाळण्यासारखें. शिवाय त्या स्पिटफायरमध्यें बसून जे तरुण लढले, त्यांच्या विमानाचें रूप चुकीचें दाखविणें हाहि अन्यायच.

माझ्या मतें निर्णय उद्दिष्टावर आहे. विमानाचा इतिहास सांगावयाचा असेल, तर खुशाल सुधारावें. मात्र त्यासाठीं पुष्कळ प्रती मिळणारा संच घ्यावा, आणि काय बदललें याची टांचणी लिहून ठेवावी. संचाचाच इतिहास सांगावयाचा असेल, तर काळानें केलेली हानि तेवढी भरून काढावी. कर्त्यानें केलेली चूक राहूं द्यावी. पेटी, सूचनांचा कागद आणि उरलेलीं चित्रें टाकूं नयेत. तीं त्या काळचीं दप्तरेंच होत. १९७६ च्या सुमारास फ्रॉगचें काम थांबलें, तेव्हां त्यांचे बहुतेक सांचे सोव्हिएत रशियांत गेले आणि तेथून तींच विमानें ‘नोव्हो’ या नांवानें विकलीं गेलीं. सांचे देश बदलतात, नांवें बदलतात. कोणती वस्तु कोठून आली हें सांगणारा कागद मागें राहिला, तरच पुढच्या पिढीस तिचा इतिहास लिहितां येईल.